पुण्यातील हौदांची नावे : रस्त्यावरील खुणांचे एक ऐतिहासिक वाचन

प्रास्ताविक

शहराचा इतिहास प्रायः ग्रंथालयात व दप्तरखान्यात शोधला जातो. राजवाडे, मंदिरे, लढाया, तह आणि सनदा हे त्याचे परिचित विषय होत. परंतु जुन्या शहरातील सामान्य रस्ता, चौकाचे नाव, एखाद्या भिंतीतील दगड अथवा उंचसखल गल्ली यांतही इतिहासाची साधने दडलेली असतात. ती रोज नजरेखालून जातात आणि रोजची असल्यामुळेच दुर्लक्षित राहतात. पुण्याच्या पेठांमधून पायी फिरणाऱ्या जिज्ञासूस याचा प्रत्यय ठायी ठायी येतो. फडके हौद, साततोटी, पंचहौद, बाहुलीचा हौद, काळा हौद, नाना हौद, सदाशिव पेठ हौद ही नावे पुणेकरांच्या तोंडी आहेत. पत्ता सांगताना, रिक्षाचालकास सूचना देताना ती सहज वापरली जातात. मात्र यांपैकी अनेक ठिकाणी आज पाण्याने भरलेला हौद नाही. ज्या वस्तूवरून नाव पडले ती वस्तू गेली. नाव मात्र उरले.

या नावांना योगायोगाने उरलेली शब्दखूण समजून सोडून द्यावे, की ऐतिहासिक पुरावा म्हणून त्यांचा विचार करावा? ती पुरावा असतील तर तो कशाचा पुरावा आहे, आणि त्याच्या मर्यादा कोणत्या? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. पुण्यातील हौदांची नावे एकत्र ठेवून वाचली असता शहराच्या पाण्याचा, त्या पाण्यावरील सत्तेचा आणि त्या पाण्यापासून दूर ठेवल्या गेलेल्या लोकांचाही इतिहास हाती लागतो, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. हे वाचन अध्यापनाच्या दृष्टीनेही उपयुक्त आहे. त्याचा विचार लेखाच्या उत्तरार्धात केला आहे.

खूण आणि पुरावा

रस्त्यावर आढळणाऱ्या खुणांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात. पहिला प्रकार नावांचा. पेठ, आळी, बोळ, चौक, पूल यांची नावे यात येतात. दुसरा प्रकार वस्तूंचा. शिलालेख, दगडी बांधकाम, कमानी, हौदाची कड, जुन्या नळाचे तोंड अशा गोष्टी यात मोडतात. तिसरा प्रकार भूरूपाचा आहे. रस्त्याचे वळण, उतार, पावसाळ्यात पाणी साचण्याची जागा यांवरून जुना ओढा अथवा तळे कोठे असावे याचे अनुमान बांधता येते.

या तिन्ही प्रकारांचे स्वरूप भिन्न आहे. नाव टिकाऊ असते, पण त्याचा अर्थ काळाच्या ओघात बदलतो. वस्तू विश्वसनीय वाटते, पण ती हलवली जाऊ शकते. भूरूप सहसा खोटे सांगत नाही, परंतु त्यावर भर टाकून बांधकाम झाले की ते वाचता येत नाही. म्हणून रस्त्यावरील कोणतीही एक खूण स्वतंत्रपणे पुरेशी ठरत नाही. तिला दुसऱ्या खुणेची आणि लिखित साधनाची जोड द्यावी लागते.

पुण्याच्या बाबतीत अशी लिखित साधने सुदैवाने विपुल आहेत. पेशवे दप्तर, भारत इतिहास संशोधक मंडळाने १९१०पासून जमविलेली व प्रसिद्ध केलेली कागदपत्रे, १८६८मध्ये प्रसिद्ध झालेले ना. वि. जोशी यांचे पुणे शहराचे वर्णन आणि १८८५मध्ये प्रकाशित झालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे खंड यांचा उल्लेख येथे करता येईल. पेठांच्या नावांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. आज वारांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या पेठांपैकी शनिवार पेठ ही पूर्वी मुर्तजाबाद, रविवार पेठ ही मलकापूर, सोमवार पेठ ही शहापूर, शुक्रवार पेठ ही विसापूर आणि गुरुवार पेठ ही वेताळ पेठ म्हणून ओळखली जाई. पेठेची पाटी पाहणाऱ्यास हा पहिला थर दिसत नाही. तो कागदावरच सापडतो. उलट, कागदात न सापडणाऱ्या अनेक गोष्टी रस्त्यावर सापडतात. दोन्ही साधने परस्परपूरक आहेत, ती याच अर्थाने.

कात्रजचे पाणी

हौदांच्या नावांचा उलगडा करण्यासाठी त्या हौदांत पाणी कोठून येत होते हे पाहणे आवश्यक आहे. मुठा नदी पुण्याच्या कडेने वाहत असली तरी वाढत्या वस्तीला तिचे पाणी वाहून आणणे कष्टाचे होते. शनिवारवाड्याचा पाया १७३०मध्ये घातला गेला आणि त्यानंतर पुणे हे मराठी सत्तेचे प्रमुख केंद्र बनले. सरदार, सावकार, कारकून, कारागीर व सैनिक यांची वस्ती झपाट्याने वाढली. विहिरी व नदी यांवर एवढ्या मोठ्या वस्तीची भिस्त ठेवणे शक्य नव्हते.

या गरजेतून नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, सुमारे १७५०च्या सुमारास, कात्रजच्या नळाचे काम हाती घेण्यात आले. शहराच्या दक्षिणेस कात्रजच्या घाटपायथ्याशी बांध घालून तलाव निर्माण करण्यात आले. तेथून शहरापर्यंत जमिनीखालून दगडी बांधणीचा नळ आणण्यात आला. येथे ‘नळ’ हा शब्द आजच्या अर्थाने घ्यावयाचा नाही. तो धातूचा नसून दगड-चुन्याचा बंदिस्त मार्ग होता आणि अनेक ठिकाणी माणूस त्यातून चालत जाऊ शकेल एवढा प्रशस्त होता. कात्रजचा भाग उंचावर व शनिवारवाड्याचा भाग सखल असल्यामुळे पाणी केवळ उताराच्या बळावर वाहत येई. ते उचलण्यासाठी मोट अथवा रहाट यांची गरज नव्हती.

या मार्गावर ठराविक अंतरावर ‘उच्छ्वास’ बांधलेले होते. उच्छ्वास म्हणजे भूमिगत नळापासून जमिनीच्या वर येणारा उभा बांधीव मार्ग. नळात कोंडलेली हवा बाहेर पडावी, पाण्याचा दाब नियंत्रित राहावा आणि गाळ काढण्यासाठी आत उतरता यावे, अशी त्याची उपयुक्तता होती. कात्रजपासून सातारा रस्त्याच्या बाजूने शहराकडे येणाऱ्या पट्ट्यात असे काही उच्छ्वास दीर्घकाळ टिकून राहिले. वाटसरूस ते एखाद्या पडक्या बुरुजासारखे अथवा अर्थहीन चौथऱ्यासारखे दिसतात. परंतु असे एकापुढे एक उच्छ्वास नकाशावर मांडले, की जमिनीखालून गेलेल्या नळाची रेषा स्पष्ट होते. एक उच्छ्वास हा केवळ कुतूहलाचा विषय ठरतो. उच्छ्वासांची ओळ मात्र इतिहासाचे साधन बनते.

दख्खनमध्ये ही कल्पना नवीन नव्हती. मलिक अंबर याच्या काळात खडकी येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे, भूमिगत नहरींनी पाणी आणण्यात आले होते. पुण्याचा नळ या व्यापक दख्खनी परंपरेच्या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. पेशवाईत कात्रजच्या नळाखेरीज रास्ते, चौधरी आणि नाना फडणवीस यांच्या नावांशी निगडित असे इतर नळही शहरात पाणी आणीत असत. सारे पुणे एकाच नळावर अवलंबून नव्हते, ही बाब लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

ओढा, तळे आणि भूमी

हौदांइतकीच महत्त्वाची खूण आंबिल ओढ्याची आहे. जुने कसबे पुणे पूर्वेस नागझरी व पश्चिमेस आंबिल ओढा या दोन प्रवाहांच्या मधील भूमीवर वसले होते. कात्रजच्या डोंगराकडून येणारा आंबिल ओढा पूर्वी आजच्या पेठांच्या भूमीतून वाहत मुठेस मिळत असे. पेशवाईत पर्वतीच्या पायथ्याशी बांध घालून त्याचा प्रवाह पश्चिमेकडे वळवण्यात आला. जी भूमी मोकळी झाली तिच्यावर वस्ती वाढली. सदाशिवरावभाऊंच्या नावाने वसलेली सदाशिव पेठ आणि नारायणरावांच्या नावाची नारायण पेठ ही पश्चिमेकडील वाढीची उदाहरणे होत.

पर्वतीच्या पायथ्याशी अडवलेल्या पाण्याचे तळे झाले आणि त्यातील बेटावर बाग करण्यात आली. सवाई माधवरावांच्या काळात, १७८४मध्ये, तेथे गणपतीची स्थापना झाली. आज सारसबागेत जाणारा भाविक ‘तळ्यातला गणपती’ असे म्हणतो, परंतु त्याच्या सभोवती ते विस्तीर्ण तळे नाही. तळे पुढे बुजवले गेले आणि विसाव्या शतकात त्या भूमीवर उद्यान उभे राहिले. मंदिराकडे जाताना चढावे लागणाऱ्या पायऱ्या आणि भोवतालची सखल हिरवळ यांवरून बेट व तळे यांचे नाते आजही ओळखता येते. नाव व भूरूप या दोन खुणा येथे एकमेकींस दुजोरा देतात. याच बुजलेल्या तळ्याच्या परिसरात १९५३मध्ये सुरू झालेल्या पेशवे उद्यानातील प्राणी पुढे कात्रज येथील नव्या प्राणिसंग्रहालयात हलवण्यात आले. अशा रीतीने ज्या तलावापासून पेशवेकालीन पाणी निघत होते, त्याच तलावाच्या काठी हे प्राणी गेले. नियोजनकर्त्यांच्या मनात हा विचार नसेल. परंतु शहराचा जुना जलमार्ग ठाऊक असणाऱ्यास त्यातील विलक्षण योगायोग जाणवल्यावाचून राहत नाही.

हौदांच्या नावांचे प्रकार

आता प्रत्यक्ष हौदांच्या नावांकडे वळता येईल. या नावांचे वर्गीकरण केले असता काही गोष्टी स्पष्ट होतात.

पहिला वर्ग व्यक्तिनामांचा आहे. फडके हौद हे नाव सरदार फडके यांच्या घराण्याशी निगडित आहे. नाना हौद हे नाव नाना फडणवीसांचे स्मरण देते. ज्याच्या वाड्यापाशी अथवा ज्याच्या खर्चाने हौद बांधला गेला त्याचे नाव हौदास मिळाले. मुख्य नळाचे पाणी सरकारी वाड्यांबरोबरच मोठ्या सरदारांच्या वाड्यांनाही मिळे आणि वाड्याच्या आतील अथवा बाहेरील हौद हे प्रतिष्ठेचे चिन्ह होते. शनिवारवाड्यातील हजारी कारंजे हे या प्रतिष्ठेचे सर्वोच्च उदाहरण. वाड्याच्या अंगणात जे पाणी कारंजे म्हणून उडत होते तेच पाणी बाहेरच्या हौदावर घागरीने भरले जात होते.

दुसरा वर्ग रचनादर्शक नावांचा आहे. साततोटी या नावात सात तोट्या असलेल्या हौदाचे वर्णन आहे. पंचहौद या नावात हौदांची संख्या आहे. ही नावे बांधणाऱ्याने दिलेली नसून वापरणाऱ्यांनी दिलेली आहेत, हे त्यांच्या स्वरूपावरूनच कळते. पाण्याला रोज जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हौद कोणी बांधला यापेक्षा तोट्या किती आहेत हे अधिक महत्त्वाचे होते. जेथे तोट्या अधिक तेथे खोळंबा कमी. म्हणून रचनादर्शक नावांना सामान्य जनांच्या अनुभवाचा पुरावा मानता येते.

तिसरा वर्ग स्थळदर्शक नावांचा. सदाशिव पेठ हौद, बुधवार पेठेतील हौद, तुळशीबागेतील हौद ही याची उदाहरणे. चौथा वर्ग रूप अथवा स्मृती यांवरून पडलेल्या नावांचा असून काळा हौद व बाहुलीचा हौद हे त्यात येतात. बाहुलीच्या हौदाचा स्वतंत्र विचार पुढे केला आहे.

हौदापासून घरापर्यंत पाणी नेणाऱ्यांची नावे मात्र यांपैकी कोणत्याही वर्गात नाहीत. कावडीने पाणी भरणारे पाणके, पखालीतून पाणी नेणारे भिस्ती, तसेच डोक्यावर हंडा व कमरेवर कळशी घेऊन जाणाऱ्या स्त्रिया यांच्या श्रमांवर ही सारी व्यवस्था उभी होती. कसबा पेठेतील तांबट आळीत घडणारी तांब्याची भांडी हा त्या श्रमांचा एक दृश्य अवशेष आहे. नळ बांधणाऱ्या गवंड्यांची व बेलदारांचीही हीच स्थिती. रस्त्यावरील नावे सत्तेची व दातृत्वाची स्मृती जपतात. श्रमाची स्मृती त्यांत क्वचितच उमटते. हा या साधनाचा अंगभूत दोष आहे आणि तो लक्षात घेऊनच त्याचा वापर केला पाहिजे.

पाणी कोणाचे?

हौदांच्या नावांत याहून मोठी एक गोष्ट लिहिलेली नाही. कोणत्या हौदावर कोणास पाणी भरता येत होते, हे नाव सांगत नाही. दगडावरही ते कोरलेले नसते. ‘सार्वजनिक’ हौद हा शब्दप्रयोग आज जसा समजला जातो तसा तो त्या काळी नव्हता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना सवर्णांच्या पाणवठ्यांवर मज्जाव होता, आणि हा मज्जाव इतका स्वाभाविक मानला जाई की तो नोंदवण्याची आवश्यकता कोणास वाटली नाही.

ही अदृश्य सीमा दृश्य होते ती जेथे कोणी ती ओलांडली तेथे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८मध्ये आपल्या राहत्या घरातील हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. गंज पेठेतील, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेतील, त्यांचा वाडा आता राष्ट्रीय स्मारक आहे आणि तो हौद तेथे पाहावयास मिळतो. आकाराने तो सामान्य आहे. कात्रजच्या नळाच्या भव्यतेशी त्याची तुलना होऊ शकत नाही. परंतु शहरातील सर्व हौदांचा अर्थ या एका हौदामुळे बदलतो. तो खुला करण्याची कृती क्रांतिकारक ठरली, याचाच अर्थ इतर हौद खुले नव्हते. ना. वि. जोशी यांचे शहरवर्णन त्याच वर्षी, १८६८मध्ये, प्रसिद्ध झाले हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. एकाच वर्षी शहराचे वर्णन छापले गेले आणि त्याच शहराच्या एका पेठेत पाण्याचा अर्थ बदलण्याचा प्रारंभ झाला. अभ्यासकाने या दोन्ही घटना शेजारी ठेवून वाचावयास हव्यात.

बाहुलीचा हौद हा याच परंपरेतील दुवा. डॉ. विश्राम रामजी घोले हे पुण्यातील नामांकित शल्यचिकित्सक आणि सत्यशोधक समाजाचे एक प्रमुख कार्यकर्ते होते. जोतीराव फुले यांच्या अखेरच्या आजारात त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर म्हणूनही त्यांचा उल्लेख होतो. शिवाजीनगर भागातील घोले रस्ता त्यांचे नाव धारण करतो. त्यांची कन्या काशीबाई बालवयातच निवर्तली. तिच्या स्मरणार्थ त्यांनी बुधवार पेठेत फरासखान्याच्या परिसरात हौद बांधला व त्यावर बाहुलीची आकृती बसवली. त्यावरूनच त्यास बाहुलीचा हौद हे नाव पडले. सर्व जातींना खुला असलेला हौद म्हणून तो ओळखला जातो. काशीबाईस शिकवले जात असल्यामुळे सनातनी वृत्तीच्या कोणीतरी तिला खाण्यातून काच घातली, अशी कथाही सांगितली जाते. या कथेचे स्वरूप मौखिक आहे आणि तिची योग्यता त्याच मर्यादेत ठरवली पाहिजे. तरीही स्त्रीशिक्षणाविषयीचा तत्कालीन विरोध किती तीव्र भासत होता याची ती साक्ष देते. एका ‘बाहुली’ या नावात स्त्रीशिक्षण, पितृहृदयाचे दुःख आणि पाण्याची समता या तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. परंतु हौदाजवळून जाणाऱ्या बहुतेकांस ते नाव केवळ गमतीदार वाटते.

पंचहौदाची गोष्टही याच प्रश्नाशी येऊन मिळते. वेताळ पेठेतील या भागात ख्रिस्ती मिशनचे केंद्र उभे राहिले व १८८५मध्ये तेथील चर्च पूर्ण झाले. १८९०मध्ये या पंचहौद मिशनमध्ये शहरातील काही प्रतिष्ठित गृहस्थांना चहा देण्यात आला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व लोकमान्य टिळक हे त्यांत होते. ख्रिस्त्यांच्या घरचा चहा घेतल्याच्या आरोपावरून मोठे ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न उपस्थित झाला. ज्या स्थळाचे नाव पाण्यावरून पडले त्या स्थळाची ख्याती अशा रीतीने चहामुळे झाली. वरवर विनोदी वाटणाऱ्या या प्रसंगाचे मूळ गंभीर आहे. कोणाच्या हातचे पाणी चालते व कोणाच्या हातचे चालत नाही, या जुन्या नियमाचीच ती एक नवी परीक्षा होती. पुढे १९२३मध्ये मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव संमत केला. त्याची अंमलबजावणी होत नसल्यामुळेच २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचा सत्याग्रह घडला. पुण्यातील १८६८चा हौद व महाडचे तळे यांना जोडणारी रेषा रस्त्यावरील नावांत दिसत नाही. ती अभ्यासकानेच आखावी लागते.

आख्यायिकांचे स्थान

पुण्यातील स्थलनामांचा विषय निघाला की आख्यायिकांचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, खुन्या मुरलीधर, सोट्या म्हसोबा ही दैवतांची नावे प्रसिद्ध आहेत आणि प्रत्येकामागे एक वा अनेक कथा आहेत. पासोड्या विठोबापाशी पासोड्यांचा, म्हणजे जाड्याभरड्या पांघरुणांचा, बाजार भरत असे. जिलब्या मारुतीस मिठाईवाला जिलब्यांचा हार घालीत असे. अशी स्पष्टीकरणे दिली जातात. यांपैकी पहिल्या प्रकारची कथा बाजाराच्या भूगोलाशी ताडून पाहता येते. दुसऱ्या प्रकारची कथा नावावरून मागाहून रचलेली असण्याची शक्यता नेहमी राहते. म्हणून ‘कथा खरी की खोटी’ एवढाच प्रश्न न विचारता ‘ती कोणत्या पुराव्याने तपासता येईल’ हा प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरते.

हौदांविषयी व भुयारांविषयीही हीच दक्षता आवश्यक आहे. पुण्यात जमिनीखाली कोठेही बांधकाम लागले की शनिवारवाड्यापासून पर्वतीपर्यंत जाणाऱ्या गुप्त भुयाराची कथा सांगितली जाते. २०१९मध्ये स्वारगेट येथे मेट्रोच्या कामात जमिनीखाली बांधीव मार्ग आढळला तेव्हाही पेशवेकालीन भुयाराची चर्चा प्रथम सुरू झाली. प्रत्यक्षात स्वारगेटचा परिसर हा पेशवाईनंतरच्या काळातही शहराच्या जलव्यवस्थेचे महत्त्वाचे ठाणे होता आणि अभ्यासकांनी त्या बांधकामाचा संबंध पाण्याशी जोडला. लोकांच्या मनातील ‘गुप्त भुयार’ हे अनेकदा विसरला गेलेला पाण्याचा नळ असते. पळून जाण्याच्या वाटेपेक्षा पाणी येण्याची वाट शहराच्या जीवनात कितीतरी अधिक मोलाची होती. पण कल्पनाशक्तीस पहिलीच अधिक मोहवते.

नळ आल्यानंतर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खडकवासल्याचे धरण बांधले गेले. कालव्याचे पाणी शहरापाशी आले आणि हळूहळू लोखंडी नळ घरोघरी पोहोचले. पाणी घरात आल्यावर हौदाशी असलेला रोजचा संबंध तुटला. काही हौद बुजले, काही रस्तारुंदीत गेले, काहींवर छत टाकून दुसरा उपयोग झाला. ही प्रक्रिया केवळ पुण्यापुरती नाही. मुंबईतील धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही नावेही नाहीशा झालेल्या तलावांचीच आहेत. नळ ही सोय होती यात शंका नाही. परंतु त्यामुळे पाणी कोठून येते याचे ज्ञान नागरिकांच्या मनातून पुसले गेले.

या विस्मृतीची किंमत शहराने एकाहून अधिक वेळा मोजली आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचेही धरण त्या लोंढ्याने फुटले आणि शहराचा नळाचा पाणीपुरवठा विस्कळीत झाला. त्या दिवसांत पेठांतील जुन्या विहिरी व हौद यांचे मोल लोकांस नव्याने कळले. त्यानंतरचा प्रसंग २५ सप्टेंबर २०१९च्या रात्रीचा आहे. कात्रजच्या बाजूस झालेल्या मुसळधार पावसाने आंबिल ओढ्यास पूर आला, काठावरील वस्त्यांत पाणी शिरले, भिंती कोसळल्या आणि पुणे शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मृतांमध्ये ओढ्याकाठी दाटीने राहणारे कष्टकरी होते. अतिक्रमण, अरुंद झालेले पात्र, पावसाचा जोर अशी अनेक कारणे त्यास होती. परंतु ज्या ओढ्याचा मार्ग अडीचशे वर्षांपूर्वी वळवला गेला त्याची ओढा म्हणून असलेली ओळखच पुसट झाली होती, हेही एक कारण मानावे लागते. बहुतेकांच्या लेखी तो सांडपाण्याचा नाला झाला होता. शहराची जलस्मृती हा केवळ हौशी इतिहासप्रेमींचा विषय नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

अध्यापनातील उपयोग

महाविद्यालयीन स्तरावर या विषयाचा उपयोग अनेक विद्याशाखांना करून घेता येईल. इतिहासाचा विद्यार्थी एका पेठेतील हौदांची यादी करून ती गॅझेटियरमधील वर्णनाशी ताडून पाहू शकतो. भूगोलाच्या विद्यार्थ्यास उच्छ्वासांच्या जागा नकाशावर मांडून जमिनीचा उतार काढता येईल. मराठीच्या विद्यार्थ्यास हौद, बारव, आड, टाके, पुष्करणी या शब्दांच्या अर्थच्छटा व स्थलनामांची घडण अभ्यासता येईल. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यास वृद्ध रहिवाशांच्या मुलाखतींतून पाणवठ्यांवरील जातिनियमांची स्मृती नोंदवता येईल. ही शेवटची बाब तातडीची आहे, कारण हौदावर पाणी भरल्याची आठवण असणारी पिढी आता फार थोडी उरली आहे.

अशा उपक्रमात काही पथ्ये पाळणे इष्ट ठरेल. प्रत्येक नोंदीत प्रत्यक्ष पाहिलेले, ऐकलेले व वाचलेले हे तीन रकाने वेगळे ठेवावेत. शिलालेख असल्यास त्याचा मजकूर जसाच्या तसा उतरवून त्याची जागा व दिनांक नोंदवावा. एका नावाच्या दोन व्युत्पत्ती मिळाल्या तर दोन्ही लिहून ठेवाव्यात. आणि जेथे नाव आहे पण वस्तू नाही तेथे ‘काही आढळले नाही’ हीही नोंद करावी. या नकारात्मक नोंदीस पुढील अभ्यासकाच्या दृष्टीने मोल असते. अशा पद्धतीने तयार झालेली विद्यार्थ्यांची वही हे कालांतराने स्वतःच एक ऐतिहासिक साधन ठरते. लहान गावांतील महाविद्यालयांनाही हे सहज शक्य आहे, कारण ज्या गावात जुना आड, बारव अथवा पाणवठा नाही असे गाव महाराष्ट्रात विरळाच.

समारोप

पुण्याच्या रस्त्यांवरील हौदांची नावे ही शहराच्या नाहीशा झालेल्या जलव्यवस्थेची सूची आहे. कात्रजचे तलाव, भूमिगत नळ, उच्छ्वास व हौद अशी ती व्यवस्था होती. तिच्यामागे अभियांत्रिकीचे कौशल्य होते, राजसत्ता होती, दातृत्व होते आणि अनामिकांचे श्रम होते. तिच्या भोवती जातीची भिंतही होती. नावे यांपैकी सत्तेची व दातृत्वाची साक्ष सहज देतात. श्रमाची व बहिष्काराची साक्ष मिळवण्यासाठी नावांपलीकडे जावे लागते. फुले यांचा हौद व बाहुलीचा हौद हे अपवाद म्हणून उभे आहेत आणि त्यांच्यामुळेच नियम कोणता होता हे कळते.

रस्त्यावर आढळणारा इतिहास मनोरंजक असतो, म्हणून तो कमी दर्जाचा मानण्याचे कारण नाही. त्यास कागदाची, भूरूपाची व मौखिक स्मृतीची जोड दिली तर तो विश्वसनीय ज्ञानाचे रूप घेतो. रस्तारुंदी, पुनर्विकास व नामांतर यांच्या वेगापुढे या खुणा दिवसेंदिवस कमी होत आहेत. त्या सर्व जतन करणे शक्य होणार नाही. परंतु त्या नोंदवून ठेवणे शक्य आहे आणि त्यासाठी फार मोठ्या निधीची अथवा यंत्रणेची गरज नाही. परिसरातील महाविद्यालयांनी आपापल्या पेठेची, गावाची वा वाडीची जबाबदारी घेतली तर हे कार्य काही वर्षांत उभे राहू शकेल.